मंदीचा जाब कुणाला विचारायचा? आणि आपल्या माणसालाही तोच विचारायचा का?

आयर्विन

श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १४ नोव्हेंबर २०२३ रोजी निकाल दिला, की देशाचं दिवाळं निघालं त्याला गोटाबाया, महिंदा आणि बासिल हे तिघे राजपक्षे बंधू, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर आणि काही बडे अधिकारी जबाबदार आहेत. चार विरुद्ध एक अशा बहुमतानं. २०१९ च्या शेवटी करांना लावलेली कात्री (व्हॅट १५ टक्क्यांवरून थेट ८ वर), परकीय चलनाची गंगाजळी आटत असताना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जायला केलेली टाळाटाळ, हे सगळं त्या खटल्यात निघालं. नुकसानभरपाई मात्र कुणाला मिळाली नाही. अर्जदारांना दाव्याचा खर्च तेवढा देववला.

सांगलीत बसून कोलंबोचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. हळदीच्या पेठेत ज्यांचं रोजचं जाणं-येणं आहे ते म्हणणार नाहीत, कारण त्याच काळात श्रीलंकेनं हळदीची आयातही रोखली होती. पण माझा खरा प्रश्न आपल्याविषयी आहे. मार्केट यार्डात, गणपती पेठेत, कुपवाडच्या चहाच्या गाड्यावर मंदीची चर्चा मी वर्षानुवर्षं ऐकतोय. सरकार आपल्या पक्षाचं असलं की "जगातच मंदी आहे हो", आणि नसलं की "दिल्लीवाल्यांनी वाट लावली". माणूस तोच, धंदा तोच, वरचा बदलला की कारण बदलतं. हे थांबावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आधी आपल्या घरातल्या माणसाला माप लावून बघू.

यशवंतराव चव्हाण आपल्या देवराष्ट्रे गावचे. या मातीतला फार मोठा माणूस, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. जून १९७० ते ऑक्टोबर १९७४ ते देशाचे अर्थमंत्री होते. त्या चार वर्षांत काय काय कोसळलं बघा. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून कोटीभर निर्वासित आले, मग युद्ध. मग १९७२ चा दुष्काळ, जो जत, आटपाडी, माण, खटावच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. ऑक्टोबर १९७३ नंतर काही महिन्यांत खनिज तेल तीन डॉलरवरून बाराच्या घरात. १९७४ मध्ये घाऊक महागाई २५ टक्क्यांच्या वर. मे महिन्यात रेल्वेचा संप. आणि जुलैत वटहुकूम निघाला, की नोकरदारांची सगळी पगारवाढ, आणि वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग, सक्तीनं ठेवीत जमा करायचा.

यातलं यशवंतरावांच्या पदरात काय टाकायचं? पाऊस नाही. अरबांचं तेल नाही. निर्वासित नाहीत. पण १९७३ ला सरकारनं गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला, तो निर्णय मंत्रिमंडळाचा. तो फसला आणि पुढच्या वर्षी मागे घ्यावा लागला. ते खातं त्यांचं नव्हतं हे मान्य, तरी घटनेच्या ७५ व्या कलमानं मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं, म्हणजे त्यातला वाटा त्यांच्याकडे येतोच. सक्तीच्या ठेवीचा तर थेट येतो. पुढं महागाई उतरली हे खरं. पण ती उतरवताना पगारदाराचा खिसा आधी धरला.

मला जास्त टोचतो तो दुसरा प्रसंग. जुलै १९७९. विरोधी पक्षनेते म्हणून यशवंतरावांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला. मोरारजी गेले, चरणसिंग आले, यशवंतराव उपपंतप्रधान झाले. ते सरकार लोकसभेला एकदाही सामोरं गेलं नाही. त्याच वर्षी दुष्काळ पडला, तेलाचा दुसरा दणका बसला आणि १९७९-८० मध्ये देशाचं उत्पन्न ५ टक्क्यांहून जास्त घटलं. स्वातंत्र्यानंतर कोरोनाच्या वर्षापर्यंत एवढी मोठी घट दुसरी झालेली नाही. अशा वर्षात देशाचा गाडा काळजीवाहू सरकारच्या हातात. अविश्वासाचा ठराव आणणं हा विरोधी पक्षनेत्याचा हक्कच आहे. पण सरकार पाडल्यावर पुढच्या सहा महिन्यांत तिजोरी कोण बघणार होतं, हे ठराव आणणाऱ्यानंही सांगायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

मंदी कुणी आणली यावर भांडत बसलो तर निकाल कधीच लागत नाही. पाऊस, तेल, युद्ध, साथ, अमेरिकेचे व्याजदर, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं आणि ज्याला जे सोयीचं ते तो उचलतो. म्हणून मी विकासदराचा आकडा बघून शिव्या देत नाही. एकेक निर्णय घेऊन विचारतो. तो घेताना सरकारला काय माहीत होतं? कुणाला विचारलं? लोकांना कधी सांगितलं? आणि फटका बसला तेव्हा कुणाला सावरलं आणि कुणाला सोडून दिलं? हे प्रश्न इंदिराबाईंच्या सरकारला, जनता सरकारला, मनमोहनसिंगांना आणि मोदींना सारखेच लागू आहेत.

तुमचं काय मत? धंद्यातलं, शेतातलं, अनुभवाचं लिहा. पक्षाचा प्रचार नको.

कुपवाड_ब्लॉक

आयर्विनदादा, विषय काळजाचा काढलात. १९७४ चं मला ऐकूनच माहीत, २०१९ चं मात्र अंगावर काढलंय.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे, चारचाकीच्या पार्टचं जॉबवर्क. कास्टिंग येतं, आम्ही बोअरिंग-फेसिंग करून, गेज लावून परत पाठवतो. महिन्याच्या शेवटी पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे किती माल लागेल त्याची मागणी, येतं. २०१९ च्या उन्हाळ्यापासून ते निम्म्यावर आलं, आणि आलेलंही मध्येच होल्डवर. आधी ओव्हरटाइम गेला. मग दुसरी पाळी बंद. मग बिहारची पोरं गावाकडं गेली, त्यातली दोघं लई चांगली ऑपरेटर होती, ती परत आलीच नाहीत. पंचेचाळीस दिवसांची बिलं नव्वदवर गेली. जीएसटी मात्र बिल फाडलं की भरायचा, पैसे हातात पडलेले असोत नाहीतर नसोत.

ऑगस्ट २०१९ मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षापेक्षा ३१ टक्क्यांनी खाली होती. त्याच महिन्यात तुमच्या नावाच्या पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर. म्हणजे गावात पूर आणि शेडमध्ये काम नाही.

मग २० सप्टेंबरला कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. सरकारच्याच हिशेबानं १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला. शेअर बाजार त्या एका दिवसात १९०० अंकांनी वर. पण माझी प्रोप्रायटरशिप आहे, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा, कंपनी नव्हे. आमच्या ब्लॉकातल्या बहुतेक शेड अशाच. आम्हाला ती कपात लागूच नव्हती. शेड्यूल घटलं ते गिऱ्हाईक गाडी घेत नव्हतं म्हणून, आणि सवलत मिळाली नफ्यात असलेल्या कंपनीला. तोट्यातल्याला कर कसला आणि कपात कसली?

तुमच्या मापानं बघायचं तर इथं प्रश्न एकच. एवढा मोठा निर्णय घेताना कुपवाडसारख्या वसाहतीतल्या एका तरी माणसाला कुणी विचारलं का? माझ्याकडं तरी कुणी आलं नाही.

मिरज_जंक्शन

धागा चांगला आहे, यशवंतरावांपासून सुरुवात केली तेही आवडलं. पण सूर हळूहळू ठरलेल्या दिशेनं चाललाय, म्हणून दुसरी बाजू.

नोटाबंदी झाली ते २०१६-१७ हे वर्ष. त्या वर्षीची वाढ अधिकृत आकड्यांत ८ टक्क्यांच्या वर आहे. २०२०-२१ ची घट कोरोनानं, आणि ती जगभर झाली. २०१२-१३ ला चालू खात्यावरची तूट (परदेशातून येण्यापेक्षा तिकडं जास्त गेलेला पैसा) जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर गेली होती, ऑगस्ट २०१३ ला डॉलर ६८ रुपयांच्या पुढं. तेव्हा कोण होतं दिल्लीत? जीएसटीची घटनादुरुस्ती जवळजवळ सगळ्या पक्षांनी मिळून केली आणि कौन्सिलमध्ये प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो. कुपवाडकर भाऊ, विजेचा औद्योगिक दर राज्यात ठरतो, दिल्लीत नाही. आणि आपल्या जिल्ह्यानं राज्याला मंत्री काही कमी दिले नाहीत. अर्थखातंसुद्धा दिलं. त्यांनाही हेच माप लावणार ना?

लोकशाहीत जबाबदारी ठरवायची जागा एकच, मतपेटी. सांगली लोकसभा १९६२ पासून काँग्रेसकडं होती, २०१४ ला गेली. लोकांना राग आला की ते बरोबर हिशेब करतात. कोर्टानं अर्थमंत्र्याला मंदीसाठी दोषी ठरवायला लागलं तर उद्या कुणी धाडसी निर्णयच घेणार नाही.

आयर्विन

मिरजकर, राज्याच्या मंत्र्यांनाही लागू, शंभर टक्के. वीजदराचा मुद्दा योग्यच आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

नोटाबंदीचा आकडा तुम्ही दिला तो बरोबर आहे, आणि नेमका म्हणूनच मी आकडा सोडून निर्णय धरतो. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री ८ वाजता घोषणा झाली. त्याच संध्याकाळी रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाची बैठक झाली होती. तिचं इतिवृत्त माहितीच्या अधिकारातून २०१९ ला बाहेर आलं. पाऊल स्तुत्य आहे असं त्यात म्हटलंय, आणि चालू वर्षाच्या जीडीपीवर अल्पकालीन प्रतिकूल परिणाम होईल असंही नोंदवलंय. म्हणजे फटका बसणार हे घोषणेच्या आधी कागदावर होतं. देशातल्या चलनाचा ८६ टक्के भाग बाद होणार, तो फटका कुणाला बसणार, त्यांच्यासाठी काय तयारी केली, हे विचारायला विकासदर ८ आला काय आणि ६ आला काय, फरक पडत नाही. पुढं ९९ टक्क्यांहून जास्त नोटा परत आल्या हे रिझर्व्ह बँकेनंच २०१८ ला सांगितलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २ जानेवारी २०२३ ला त्यावर निकाल दिला. तोही चार विरुद्ध एक. बहुमतानं निर्णयाची प्रक्रिया वैध ठरवली. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं, की एवढी मोठी गोष्ट संसदेत कायदा करूनच व्हायला हवी होती. मला त्यांचं मत पटतं. संसदेत आणलं असतं तर निदान विरोधी खासदारांना एक प्रश्न तरी विचारता आला असता.

मतपेटीबद्दल बोलतो, पण आधी इतरांचं येऊ द्या.

निवृत्त_शाखाधिकारी

मी तेव्हा सहकारी बँकेच्या ग्रामीण शाखेत होतो, म्हणून लिहितो. कोणत्या बँकेत ते सांगत नाही.

घोषणेनंतरच्या पहिल्या दिवसांत जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायची परवानगी होती. लोक उसाच्या बिलाचे, दुधाच्या पगाराचे पैसे घेऊन आले. रांग बाहेर पिंपळापर्यंत. १४ नोव्हेंबरला आदेश आला, की जिल्हा मध्यवर्ती बँकांनी यापुढं जुन्या नोटा घ्यायच्याही नाहीत आणि बदलून द्यायच्याही नाहीत. बाकीच्या बँका घेत होत्या. खेड्यातल्या माणसाचं खातं कुठं असतं? विकास सोसायटीचं कर्ज जिथून येतं तिथं. त्याला सांगायचं, बाबा, तुझी बँक यात नाही, तू तालुक्याला जा. एक आजी पिशवीत नोटा बांधून तीन दिवस येत होती. तिला वाटायचं मीच नाही म्हणतोय.

आधी घेतलेल्या नोटांची बंडलं तिजोरीत पडून राहिली. त्या ठेवींवर खातेदाराला व्याज द्यायचं, आणि बंडलं बाद. ती रिझर्व्ह बँकेत भरायची मुभा मिळाली जून २०१७ मध्ये. मधल्या काळात रब्बी गेला. त्या हंगामात सोसायट्यांच्या सभासदांना पीककर्ज वेळेत मिळालं नाही, त्याची नोंद कुठल्याच विकासदरात नाही.

जिल्हा बँकांत राजकारण्यांचा काळा पैसा शिरेल अशी शंका होती, असं कारण सांगितलं गेलं. शंका खोटी होती असं मी म्हणणार नाही. आमच्या संचालक मंडळांची कीर्ती काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. पण संचालकांच्या पापाची शिक्षा खातेदाराला झाली, आणि याचा जाब दिल्लीतल्यांनीही दिला नाही आणि आमच्या सहकारसम्राटांनीही. आयर्विन म्हणतात ते माप दोन्हीकडं लावा.

गलाई_विटा

निवृत्त साहेब, तुमची पोस्ट दोनदा वाचली.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली हायत, मी तामिळनाडूत. जुनं सोनं घ्यायचं, मुशीत आटवायचं, शुद्ध करायचं, टंच (शुद्धतेचा कस) काढायचा. मंदी आली की आम्हाला सगळ्यात आधी कळतं. लग्नसराई नसताना बायका मंगळसूत्राच्या वाट्या मोडायला यायला लागल्या, की समजायचं गावात पैसा नाही. त्याला कुठला अहवाल लागत नाही.

माझं म्हणणं लॉकडाऊनबद्दल. कोरोना कुणी आणला नाही, मिरजकरांशी सहमत. बंद करायला लागलं असतं हेही मान्य. पण २४ मार्च २०२० ला रात्री ८ ला सांगितलं आणि १२ वाजता सगळं बंद. चार तास. आमची विट्याकडची कामगार पोरं दुकानाच्या माळ्यावर अडकली. तिथली भाषा येत नाही, हॉटेल बंद, मालक गावाकडं. इकडं घरी द्राक्षांचा हंगाम ऐन भरात. व्यापारी फिरकेना, बाग उतरवायला माणूस नाही. ज्याला जमलं त्यानं बेदाणा केला, त्यालाही शेड आणि मजूर लागतोच.

एप्रिल ते जून २०२० ची पहिली आकडेवारी आली तेव्हा जीडीपी २३.९ टक्क्यांनी खाली होता. शेती मात्र ३.४ टक्क्यांनी वर. देश ज्यानं धरून ठेवला त्याला काय मिळालं हे विचारायचं का नको?

चार दिवस आधी सांगितलं असतं तर माणसं आपापल्या घरी पोचली असती. रोग पसरला असता असं म्हणतील. नंतर चालत गेली तेव्हा पसरला नाही का?

विश्रामबाग

अर्थशास्त्र शिकवतो. थोडं मोजमापाविषयी, कारण मिरज_जंक्शन यांनी दिलेला ८ टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरतो.

आपल्याकडे असंघटित क्षेत्राची थेट मोजणी दर तिमाहीला होत नाही. बऱ्याच ठिकाणी संघटित क्षेत्राच्या आकड्यांवरून तिचा अंदाज बांधतात. नोटाबंदीसारखा फटका संघटित क्षेत्राला कमी आणि असंघटिताला जास्त बसतो, तेव्हा हा अंदाज दगा देतो. विट्याचे माग किंवा माधवनगरची लहान दुकानं बंद पडली आणि त्यांचं गिऱ्हाईक मोठ्या कंपनीकडे गेलं, तर कागदावर वाढ दिसू शकते. म्हणून सरकार खोटं बोललं असं मी म्हणत नाही. पण आकडा खरा मानायचा तर त्याच्यामागची पाहणी लोकांसमोर हवी. २०१७-१८ चा रोजगाराचा अहवाल रखडला म्हणून जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. अहवाल जाहीर झाला ३१ मे २०१९ ला, निवडणूक उरकल्यावर. बेरोजगारी ६.१ टक्के. त्याच वर्षाची घरखर्चाची पाहणी तर नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्दच केली.

मिरज_जंक्शन, मतपेटी हाच निवाडा असं म्हणता ना? मग मतदारानं मत देण्याआधी त्याला हा अहवाल मिळायला नको होता का?

दुसरी गोष्ट. आपल्या कायद्यात आर्थिक अपयशाचा लेखी जाब द्यायची एक तरतूद आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांवर, दोन इकडे दोन तिकडे, ठेवायची आहे. सलग तीन तिमाही चुकलं तर कारणं आणि उपाय सरकारला लेखी कळवायचे. २०२२ मध्ये तसं झालं. ३ नोव्हेंबरला त्यासाठी पतधोरण समितीची खास बैठक बोलावली आणि पत्र गेलं. ते पत्र जनतेसाठी जाहीर केलं गेलं नाही. ज्यांनी महागाई सोसली त्यांना कारण वाचायला मिळालं नाही.

आणि कोर्टाचा विषय निघालाच आहे तर आइसलँडचं उदाहरण. २००८ ला तिथल्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या. तेव्हाचे पंतप्रधान गेर होर्डे यांच्यावर खास न्यायालयात खटला चालला. एप्रिल २०१२ मध्ये ते एकाच आरोपात दोषी ठरले. संकट दिसत असताना त्यावर मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या नाहीत, हा तो आरोप. शिक्षा शून्य. मंदीचा दोष त्यांच्यावर आला नाही, बैठक न घेतल्याचा आला. आयर्विन यांच्या म्हणण्याशी हे जुळतं.

मिरज_जंक्शन

सर, रोजगाराचा अहवाल निवडणुकीआधी यायला हवा होता. हे मान्य करायला मला अडचण नाही.

पण १९९१ विसरू नका. ४७ टन सोनं परदेशात गहाण पडलं ते कुणामुळं?

आयर्विन

१९९१ चं उत्तर देतो, त्यातच मतपेटीचंही येतं.

ऐंशीच्या दशकात सरकारनं उधारीवर खर्च वाढवला आणि १९९०-९१ ला केंद्राची वित्तीय तूट जीडीपीच्या ८ टक्क्यांच्या आसपास पोचली. त्यात राजीव गांधींची वर्षं आली, व्ही. पी. सिंगांचंही वर्ष आलं. ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसला आणि तेल भडकलं. चंद्रशेखर यांचं सरकार काँग्रेसच्या टेकूवर उभं होतं. फेब्रुवारी १९९१ मध्ये पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही, लेखानुदानावर, म्हणजे खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर, भागवलं. मार्चमध्ये राजीव गांधींच्या घरावर हरियाणाच्या दोन पोलिसांनी पाळत ठेवली यावरून बिनसलं आणि चंद्रशेखर यांनी राजीनामा दिला. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं, आणि देश निवडणुकीत. मे महिन्यात २० टन सोनं विकलं, जुलैत ४७ टन गहाण ठेवलं. जून १९९१ मध्ये निवडून कोण आलं? ज्यांनी टेकू काढला तेच. राजीव गांधींची हत्या झाली होती, लोकांच्या मनात ते होतं. सोनं आणि तूट कुणाच्या मनात होती?

म्हणून मतपेटीवर सगळं सोडायला माझा विरोध आहे. एका मतात जात, जमीन, पूर, पाहुणे, उमेदवाराचा स्वभाव, साखर कारखान्याचा दर असं दहा गोष्टींचं उत्तर असतं. त्यातून मंदीचा जाब वेगळा काढता येत नाही. पाच वर्षांच्या मधे संसदेत, समितीत, माहितीच्या अधिकारात, आणि हो, खासदाराच्या दारात तो विचारत राहावा लागतो. राजपक्षेंना २०२० च्या निवडणुकीत जवळपास दोन तृतीयांश जागा मिळाल्या होत्या. दोन वर्षांत देश बुडाला.

जतची_लेक

इतका वेळ सगळे कोण चुकलं तेच लिहिताय. मला एक बरोबर वागलेला माणूस सांगायचाय, तोही आपल्याच जिल्ह्यातला.

वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. हाताला काम मागेल त्याला सरकारनं काम दिलंच पाहिजे, हा प्रयोग त्यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात करून बघितला. बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा राज्याकडं ही कल्पना तयार होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामावर होती. माझी आजी त्यातली. जतजवळच्या रस्त्यावर खडी फोडायची. हातोडीचा दांडा पिळदार चिंधीनं बांधलेला, दुपारी सुकडी मिळायची, ती ती अर्धी खाऊन अर्धी पदरात बांधून पोरांना आणायची. कष्ट होते, मजुरी थोडी होती, मुकादम त्यातही खायचे. पण कुणाच्या दयेवर नव्हतं. पुढं त्याचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू.

आणि पैसा कुठून आला ते बघा. १९७५ पासून व्यवसाय कर लावला, शहरातल्या पगारदाराकडून घेऊन खेड्यातल्या मजुराला काम द्यायला. आजही माझ्या पगारपत्रकात दोनशे रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत तीनशे. ऑफिसात सगळे कुरकुरतात. मी नाही. मंदीत, दुष्काळात भार कुणी उचलायचा हे सरकारनं उघड सांगितलं, कायदा केला, नाव घेऊन कर लावला. आयर्विनदादा, तुम्ही म्हणता ना, फटका बसला तेव्हा कुणाला सावरलं. तर हे. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा २००५ चा, आपला त्याच्या पंचवीसेक वर्षं आधीचा. आणि लॉकडाऊनच्या वर्षी केंद्रालाही शेवटी तिथंच यावं लागलं, मनरेगाला ६१,५०० कोटींवर आणखी ४० हजार कोटी द्यावे लागले.

म्हणून मला "सगळेच सारखे" हे वाक्य ऐकवत नाही. सारखे नसतात. पाऊस पडला नाही त्याला पागे जबाबदार नव्हते, तरी त्यांनी जबाबदारी घेतली.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, फार मोलाचं लिहिलंत. पागेसाहेबांचं नाव नव्या पोरांना माहीतच नाही.

गलाई_विटा

+१. माझी आई पण सुकडीचं सांगते.

पेठभाग_२२

नमस्कार, मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात आमच्याकडे लोकप्रतिनिधींशी संवादाचा कार्यक्रम ठेवलाय, प्रश्न आधी लेखी द्यायचेत. मंदी आणि रोजगारावर मला दोन प्रश्न मिळतील. "बेरोजगारी का वाढली?" असं विचारलं तर भाषणच ऐकायला मिळणार. नेमकं काय विचारू?

आयर्विन

का वाढली असं विचारूच नकोस. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं द्यावं लागेल, तारीख सांगावी लागेल, असं विचार. पहिला असा टाक: २०२२ मध्ये महागाई का आवरली नाही याचं जे पत्र रिझर्व्ह बँकेनं सरकारला दिलं, ते जाहीर करा अशी मागणी तुम्ही संसदेत करणार का, आणि कोणत्या अधिवेशनात? उत्तर नाही आलं तर नाही का, ते विचार. समोरचा सत्तेतला असो वा विरोधातला, प्रश्न बदलू नकोस.

दुसरा प्रश्न इथल्या धंद्यावरचा असू दे. तो कुपवाडकरांनी सुचवावा.

विश्रामबाग

पहिल्याला पुरवणी जोड: रोजगाराचे आणि घरखर्चाचे अहवाल तयार झाल्यापासून ठरावीक दिवसांत जाहीर झालेच पाहिजेत, असा कायदा करायला पाठिंबा देणार का? विषयाची टिपणं हवी असतील तर मला व्यक्तिगत निरोप पाठव.

कुपवाड_ब्लॉक

लिहून घे पोरा. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा २००६ पासून आहे. आता न दिलेलं बिल खर्च म्हणून करात दाखवता येत नाही अशी तरतूदही आयकरात आली. तरी मोठ्या कंपनीविरुद्ध तक्रार केली की पुढच्या महिन्याचं शेड्यूल बंद होतं, म्हणून कुणी तक्रार करत नाही. तर विचार, की पुरवठादारानं तक्रार न करताही थकलेली बिलं तपासायची व्यवस्था आणायला तुम्ही काय केलंत? मोठ्या सरकारी कंपन्यांनी किती दिवसांत बिलं दिली ते दर तिमाहीला छापायला लावणार का?

आणि उत्तर येईल ते शब्दन्‌शब्द इथंच टाक, पक्ष कुठलाही असला तरी.